चौदा लाल ठिपके

१

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता डॉ. गौरवी परब यांच्या हातातली सुरी काढून घेण्यात आली. ती काढून घ्यायला लावणारा तक्ता मी केला होता.

सुरी काढून घेतली म्हणजे कोणी झटापट केली नाही. डिचोलीच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात असली कामं गोड आवाजातच होतात. अध्यक्ष गोकुळदास शेट चष्मा पुसत म्हणाले, "डॉक्टर, सोमवारपर्यंत जरा विश्रांती घ्या. ऑपरेशनं डॉ. प्रज्योत बघतील. सोमवारी बसून कायमचं काय ते ठरवू."

मी कमलाक्षी. वय सत्तावन्न, या हॉस्पिटलच्या नोंदी सांभाळते. तीन वर्षांपूर्वी पणजीला जाऊन एक प्रशिक्षण घेतलं आणि परत येऊन मीच हा उद्योग सुरू केला. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक माणसाचा तीस दिवस मागोवा घ्यायचा आणि नीट बरा झाला तर तक्त्यावर हिरवा ठिपका, बिनसलं तर लाल ठिपका मांडायचा. कुठे चुकतंय ते कळावं आणि सुधारावं, इतकाच हेतू होता. कोणाला फासावर चढवायचा नव्हता. पण लाल रंग दिसला की माणसं मान शोधायला लागतात.

गेल्या सहा महिन्यांत डॉ. प्रज्योतनी एकशे चार ऑपरेशनं केली होती, त्यात लाल ठिपके दोन. डॉ. गौरवींनी शहाण्णव केली, त्यात लाल ठिपके चौदा. आणि चौदाही एकाच जातीचे: 'पुन्हा टाके घातले.' म्हणजे बाईंनी शिवलेलं टिकलं नाही, कोणाला तरी परत शिवावं लागलं.

बैठकीत सगळे डॉ. गौरवींकडे बघत होते. त्या "बरं" म्हणाल्या, पेन पर्समध्ये टाकला आणि निघून गेल्या.

ते "बरं" मला खटकलं. खोटा आरोप आला की माणूस भांडतो आणि खरा आला तर जास्तच भांडतो, असा माझा अनुभव. ही बाई का भांडली नाही? दुपारी मी नोंदींचं कपाट उघडलं. म्हटलं, मूळ कार्डं एकदा डोळ्यांखालून घालू.

कपाटात पेडण्याच्या कार्डांचा गठ्ठा नव्हता.

२

कार्डांचं सांगायला हवं. पेडण्याच्या टोकाच्या माणसाला टाके काढायला डिचोलीपर्यंत तंगडतोड करायला लावणं बरं नाही, म्हणून ते काम गावच्या उपकेंद्रातली नर्स करते. कार्डावर एक ओळ लिहिते आणि कार्ड आमच्याकडे पाठवते. आमचा साईश ते वाचून कॉम्प्युटरात भरतो. डॉ. गौरवी मूळच्या पेडण्याच्या, शनिवारी तिकडे तपासायला बसतात, त्यामुळे केरी-पालयेकडचे लोक त्यांच्याकडेच येतात. सुर्ला, लाटंबार्से इकडचे लोक प्रज्योतकडे. ते टाके काढायला हॉस्पिटलातच येतात.

साईश बत्तीस वर्षांचा, म्हापशाचा, पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेला. कामाला चोख.

"गठ्ठा मी घेतला नाही, मॅडम," तो म्हणाला. "आणि एंट्री बरोबर केलीय. प्रत्येक कार्ड दोनदा वाचतो."

"कार्डावर नेमकं काय लिहिलं होतं?"

"परत टाके घातले, असंच काहीतरी. शब्द आठवत नाही. अर्थ तोच होता." मग जरा घुटमळून म्हणाला, "शंका आली तर वाईट तेच धर, असं तुम्हीच सांगितलेलं."

सांगितलं होतं खरं. लपवाछपवी होऊ नये म्हणून मीच केलेला नियम होता तो.

डॉ. प्रज्योतना गाठलं तर ते हात धुवत होते. डॉ. गौरवी गेल्या तर मुख्य सर्जनची खुर्ची त्यांचीच, हे सगळ्या हॉस्पिटलाला ठाऊक. म्हणून मी जरा तिरकंच विचारलं, "दोनच लाल ठिपके! तुमचा हात काय सोन्याचा?"

"जानेवारीत धागा बदलला," ते म्हणाले. "मला वाटलं, तिच्या केसेसमध्ये धागाच दगा देतोय. पण मीही तोच वापरतो." त्यांनी नळ बंद केला. "माझ्यावर संशय आहे का, कमलाक्षीताई?"

"आहे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "बरोबर आहे. मला मिळायचं ते सगळं मिळतंय. पण चौदा माणसं परत शिवली गेली आणि त्यातला एकही आपल्या दारात आला नाही, हे मला पटत नाही."

बुधवारी जेवायच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये गेले. डॉ. गौरवी कोपऱ्यात एकट्या बसल्या होत्या, समोर उंडा पाव आणि पातळ भाजी. एरवी त्यांच्या टेबलावर नर्सांची गर्दी. आज आजूबाजूची तीन टेबलं रिकामी आणि पलीकडचं एक ओसंडून वाहत होतं. मीसुद्धा माझा डबा घेऊन सवयीने खिडकीपाशी बसले. माझं यजमानांच्या मागे अकरा वर्षं असंच एकटीचं जेवण चाललंय, मला त्याचं काही वाटत नाही. पण एकटं बसणं आणि एकटं पाडलं जाणं यातला फरक त्या दिवशी मी लांबूनच बघितला. उठून त्यांच्याकडे गेले नाही.

कँटीनवाल्या रघुनाथने कँटीन वाढवायची वेळ झाली म्हणून खुर्च्या उलट्या करायला घेतल्या, तेव्हा त्या उठल्या. माझ्या अंगावरून जाताना मी विचारलं, "डॉक्टर, पेडण्याची कार्डं कुठे दिसली का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या बसल्या होत्या तिथे फरशीवर चिमूटभर वाळू होती, आणि सुरूच्या झाडाची दोन सुकलेली काडीसारखी पानं. डिचोलीला समुद्र नाही.

३

गुरुवारी संध्याकाळी घरी तक्ता घेऊन बसले. मुलगा निलेश बहारीनला असतो, रविवारी फोन करतो. बाकीच्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरात बोलणारा एक टीव्ही. तो मी बंद केला आणि चौदा नोंदींच्या तारखा एका कागदावर उतरवल्या.

पहिली गोष्ट. चौदाही नोंदी जानेवारीनंतरच्या. धागाही जानेवारीत बदलला, पण धागा दोघांचा तोच. जानेवारीत आणखी काय बदललं? केरीची जुनी नर्स मालती निवृत्त झाली आणि तिच्या जागी वत्सला आली. चौदाही कार्डं वत्सलाच्या उपकेंद्रातली.

दुसरी गोष्ट. 'पुन्हा टाके' घातल्याच्या तारखा बघितल्या. ऑपरेशननंतर आठवा दिवस, आठवा, नववा, आठवा, दहावा. चिघळणारी जखम तारीख बघून चिघळत नाही. एखादी चौथ्या दिवशी, एखादी विसाव्या दिवशी. इथे तेरा जणांच्या तारखा आठ ते दहाच्या आत नीट रांगेत उभ्या होत्या. एकच सहाव्या दिवसाची होती.

आठ ते दहा दिवसांत काय होतं? टाके काढतात.

तिसरी गोष्ट दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. चौदांपैकी एकाचीही टाके काढल्याची नोंद कुठे नव्हती. पहिले काढल्याची नाही, दुसऱ्यांदा घातलेले काढल्याचीही नाही. मग ही तेरा-चौदा माणसं काय अंगात दोरे घेऊन फिरत होती?

कोणाला तरी सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला आणि कोणाला लावावा ते सुचेना. मग तो खाली ठेवला आणि शनिवारी केरीला जायचं ठरवलं.

४

दोन बस बदलून केरीत पोचायला साडेतीन वाजले. उपकेंद्र दोन खोल्यांचं. वत्सला पन्नाशीची, बारीक चणीची, हातभर हिरव्या बांगड्या. माहेर शिरोड्याचं, केरीत दिलेली.

"डिचोलीसून इलात? बसा बाय, च्या ठेवतंय," ती म्हणाली आणि लगबगीने स्टोव्ह पेटवायला गेली.

मी औषधांच्या कपाटात डोकावले. कापूस, पट्ट्या, टाके कापायची छोटी कात्री. टाके घालायची सुई नव्हती आणि धागाही नव्हता.

"वत्सला, तुम्ही इथे टाके घालता?"

"मी?" तिने कप खालीच ठेवला. "माका खय येतत घालूक? ता डॉक्टरांचा काम. मी काढतंय तितकाच."

"मग या लोकांना दुसऱ्यांदा टाके कोणी घातले?"

मी नावांची यादी पुढे केली. तिने ती वाचली आणि माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "ही सगळी बरी असत. कोणाक काय एक जाऊक नाय. चला, दाखयतंय."

पलीकडच्याच घरात शांता नावाची बाई सुके बांगडे निवडत होती. यादीत तिसरी. तिने हात पुसले आणि पोटावरचा पदर जरासा सरकवून व्रण दाखवला. एक सरळ रेघ, दोन्ही बाजूंना ठिपक्यांची एकेकच ओळ. इतका सुबक व्रण की शिवणाऱ्या बाईने हौसेने शिवलाय असं वाटावं. इथे दुसऱ्यांदा सुई लागलीच नव्हती.

"तुमच्याकडे कार्ड आहे का? पेशंटला दुसरी प्रत देतात ना?"

शांताने देवाच्या फोटोमागून ते काढलं. खाली वत्सलाचं गोल, वळणदार अक्षर. आठवा दिवस. 'टाके वाढवले.'

मी ते दोन शब्द वाचले आणि तिथेच ओट्यावर बसले.

"वत्सला, हे 'वाढवले' म्हणजे काय?"

"म्हणजे काढले," ती म्हणाली. "कात्रीन वाढवले."

"मग 'कापले' का नाही लिहिलं?"

तिचा चेहरा बदलला. "आमचा शिरोड्याक बांगड्यांचा दुकान. बांगडी फुटली असा कोण म्हणाला तर बापूस तोंडार मारी. वाढवली म्हणायचा. सवाष्णीच्या आंगावरची वस्तू ती. आता माणसाच्या आंगातलो टाको, ताका 'कापलो', 'तोडलो' असा लिवा? माझो हात धजत नाय बाय."

दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. अभद्र बोलायचं नाही म्हणून मोडणं, तोडणं, संपवणं या सगळ्यावर आपण हा एक शुभ शब्द पांघरतो. कँटीन वाढवलं, असं मी स्वतः रोज म्हणते. पण म्हापशाच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या साईशला 'वाढवणे' म्हणजे जास्त करणे एवढंच ठाऊक. टाके वाढवले, म्हणजे टाके जास्त घातले, म्हणजे पुन्हा घातले. थोडी शंका आली असेल, तर वाईट तेच धरायचं हा माझा नियम होताच. लबाडी कोणीच केली नव्हती. एका बाईने शुभ लिहिलं, एका मुलाने ते इमानाने वाचलं, आणि मी त्यावर लाल रंग दिला. चौदा ठिपके काढले आणि एकाचंही दार वाजवलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे चौदाही खोटे," मी म्हटलं.

"चौदा नाय," वत्सला म्हणाली. "बाबलीचा खरा. त्येचे टाके उसवले. मी 'उसवले' असाच लिवलंय. त्येची जखम अजून उघडीच असा. ती डॉक्टरीण रोज सांजचे येता मा."

'उसवले' हेही साईशने त्याच रकान्यात घातलं होतं. "कोण डॉक्टरीण?"

वत्सलाने सुरूच्या बनाकडे बोट केलं. तिथे डॉ. गौरवींची पांढरी गाडी उभी होती.

५

बाबलीचं घर वाळूतच. पन्नाशीचा रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, अंगणात खाटेवर आडवा, आणि खाली गुडघ्यांवर बसून डॉ. गौरवी त्याची जांघेतली जखम धूत होत्या. हर्नियाचं ऑपरेशन. मला बघून त्या दचकल्या नाहीत, फक्त हातातलं काम पुरं केलं.

"गठ्ठा गाडीत आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात शुक्रवारी आकडे कळले तेव्हाच घेतला. चोरीच ती. सोमवारी परत ठेवणार होते."

"मागितला असता तर मी दिला नसता का?"

"मागायला माझ्याशी बोलत कोण होतं, ताई?"

मी वाळूत टेकले आणि तिला सगळं सांगितलं: तारखा, व्रण, बांगड्यांचं दुकान. ती ऐकत राहिली.

"अगं, पण तू ती कार्डं वाचलीस ना?" मी म्हटलं. तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. "तू पेडण्याची. तुला कळलं नाही?"

"पहिलंच कार्ड बाबलीचं लागलं. उसवले. इथे आले तर खरंच उसवलेली जखम. ती डोळ्यांनी बघितल्यावर पुढच्या तेरा कार्डांत मला दुसरं काय दिसणार? मी पण 'परत घातले' असंच वाचलं."

"वत्सलाला विचारायचंस."

"ती 'होय' म्हणाली असती तर?"

बाबली खाटेवरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी त्याला विचारलं, "सहाव्या दिवशी टाके कसे उसवले? डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितल्यान मा. जड उचलू नको म्हणाली." तो कोपरांवर जरा उठला. "मी काय एक उचलूक नाय. रापण ओढूक गेलंय. रापण ओढतत बाय, उचलनत नाय."

गौरवीने डोळे मिटले. "ऐकलंत?" ती म्हणाली. "मी जन्मले या किनाऱ्यावर, आणि रापणकाराला सांगते की उचलू नको. चूक त्याची नाही."

६

सोमवारी बैठकीत मी नवा तक्ता लावला आणि सगळी हकीकत सांगितली. साईश मान खाली घालून बसला होता. त्याचा दोष नाही, नियम माझा होता, तोही मी आज बदलते, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. शंका आली की वाईट धरायचं नाही, फोन करायचा.

गोकुळदास शेटांचा चेहरा खुलला. "म्हणजे चुकीच्या नोंदी! चला, शून्य करून टाका. डॉक्टर, अभिनंदन."

"शून्य नाही," गौरवी म्हणाली. "एक."

"अहो, तो माणूस जाळं ओढायला गेला. त्याला तुम्ही काय करणार?"

"त्याला नीट सांगणार. ओढू नको, रेटू नको, वल्हं मारू नको. प्रत्येकाला त्याच्या कामातला शब्द वापरून. तो ठिपका लाल राहू दे, शेटनू. तो पुसलात तर पुढच्या रापणकाराला मी परत तेच सांगेन."

मग प्रज्योत म्हणाले, "माझे दोन लाल ठिपके, दोघेही सुर्ल्याचे ट्रकवाले. मीही त्यांना जड उचलू नका एवढंच सांगितलं होतं. खनिजाच्या ट्रकवर ताडपत्री ओढून बांधावी लागते, हे मला आत्ता सुचतंय. त्यांना विचारलंच नाही मी." आणि ते वहीत लिहायला लागले.

ऑपरेशनं पुन्हा सुरू करायला गोकुळदास शेट तयार झाले. फक्त एक अडचण त्यांनी काढली. बाबलीची जखम आता स्वच्छ झाली होती, बुधवारी ती परत शिवायची होती. ते काम डॉ. प्रज्योतनी करावं. ज्या हाताने बिघडलं त्याच हाताने पुन्हा नको, लोक बोलतात.

परत तेच "बरं" गौरवीच्या ओठांवर येताना मला दिसलं. मी फोन काढला. "माणूस त्याचा तो आहे. त्यालाच विचारू," म्हटलं, आणि आवाज मोठा करून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"बाबली, बुधवारी तुमची जखम शिवायची आहे. दुसरे डॉक्टर करतील, चालेल?"

"दुसरो कित्याक?" पलीकडून समुद्राचा आवाज येत होता. "ती खय गेली?"

"इथेच आहेत. पण ट्रस्टला वाटतंय—"

"ट्रस्टान येऊन माजी जखम धुतल्यान काय? तिणाच धुतल्यान. एक दीस चुकूक नाय. ती शिवतली तर मी येतंय, नायतर र्‍हवांदे तशीच." मग जरा थांबून, आवाज उतरवून त्याने विचारलं, "बाय, ती आज सांजचे येतली मा? बायलेन पेज दवरल्या तिच्यासाठी. काल तशीच उपाशी गेली."

गोकुळदास शेटांनी गौरवीच्या ऑपरेशनांच्या परवानगीचा कागद पुढे ओढला आणि सही केली.

गौरवी फोनवर वाकली. हॉस्पिटलात आठ वर्षं आम्ही तिची शुद्ध भाषाच ऐकत आलो होतो.

"येतंय, बाबली," ती म्हणाली. "पेज गरम करून ठेवूक सांग."

आणि फोन बंद व्हायच्या आत टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. मी माझी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.